दुसरा आवाज

आपल्या मराठी भाषेने दुसऱ्या आवाजाचा फारसा मान राखलेला नाही. एखादा माणूस दुसऱ्याच्या बोलण्याला साथ देऊ लागला की आपण पटकन म्हणतो, ‘हा नुसता त्याची री ओढतो.’ त्याहून जरा अधिक साथ दिली की तो ‘होयबा’ ठरतो. वास्तविक पोवाड्यात शाहिराच्या मागे उभा राहून ‘जी जी’ करणारा झीलकरी नसता, तर शाहिराला दम खायला उसंत मिळाली नसती आणि अफझलखान अर्ध्या वाटेतच अडकून राहिला असता. भजनात बुवांच्या मागे टाळकरी नसते, तर अभंग ओसरीवरून रस्त्यापर्यंत पोचलाच नसता. पण कौतुक होते ते शाहिराचे आणि बुवांचे. मागच्यांना चहा मिळतो.

याला एक कारण आहे. आपल्याकडचा मागचा गाणारा तेच गातो, जे पुढच्याने गायलेले असते. तोच सूर, तेच शब्द, फक्त एक पाऊल मागे. सुरात सूर मिसळणे आपण म्हणतो ते याच अर्थाने. दोन ओहोळ एकत्र यावेत आणि पुढे कोणते पाणी कुणाचे हे कळू नये. पण जगात गाण्याची अशीही एक रीत आहे, की जिच्यात दुसरा आवाज पहिल्यात विरून जात नाही. तो त्याच्या शेजारी उभा राहतो, वेगळाच सूर लावतो, आणि तरीही भांडण होत नाही. भांडण न करता वेगळे बोलणे ही कला घराघरांत किती दुर्मिळ आहे, हे संसारी वाचकांना मी सांगायला नको. गाण्यात ती साधते, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे.

तेव्हा सरळच सांगून टाकतो. चौघांनी मिळून गायलेली जुनी इंग्रजी प्रेमगीते मला फार आवडतात. माझ्या वयाच्या मंडळींत हे वाक्य उच्चारले की क्षणभर शांतता पसरते. माझे एक स्नेही संगीताचे चांगले जाणकार आहेत. तंबोरा जुळवण्यातच त्यांची अर्धी संध्याकाळ जाते. ते एकदा मला म्हणाले, “अहो, प्रेम एकाचे आणि कबुली चौघांची? प्रेमपत्र काय सोसायटीच्या सभेत ठराव मांडून लिहायचे असते? सूचक अमुक, अनुमोदक तमुक!”

मी तेव्हा हसलो. पण घरी येताना तो शब्द माझ्या मनात घोळत राहिला. अनुमोदक! त्यांनी थट्टेत मर्मावरच बोट ठेवले होते.

ज्यांनी हा प्रकार ऐकलेला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. समजा, एकजण षड्ज लावून उभा आहे. दुसऱ्याने त्याच वेळी गंधार धरला, तिसऱ्याने पंचम, आणि चौथा खाली खर्जात उतरला. आपल्या रागात हे सूर एकामागून एक येतात, वरातीसारखे. येथे ते एकाच वेळी शेजारीशेजारी बसतात, पंगतीसारखे. हे आवाज फार न पांगता जवळजवळ, शक्यतो एका सप्तकाच्या आतच बसवले, की त्याला ‘क्लोज हार्मनी’ म्हणतात. गंमत अशी की गाण्याची चाल एकाच्याच तोंडी असते. बाकीच्यांच्या ओळी सुट्या काढून ऐकल्या तर त्यांना ना आकार, ना उकार. एकाच सुरावर रेंगाळायचे, मग अर्धी पायरी खाली, पुन्हा वर, पुन्हा तिथेच. कुणी न्हाणीघरात अशी ओळ गुणगुणू लागला, तर घरच्यांना वाटावे की याला गाणे येत नाही.

अमेरिकेत 19व्या शतकाच्या अखेरीस असे गाणे केशकर्तनाच्या दुकानांत रंगे. विशेषतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत दाढीची पाळी येईपर्यंत बसलेली गिऱ्हाइके चार आवाज जुळवीत. त्यावरून या रीतीला ‘बार्बरशॉप’ हेच नाव पडले. आपल्याकडे त्या दुकानांत राजकारण जुळवतात, एवढाच फरक. या चौकडीत एकजण चाल म्हणतो, एकजण तिच्यावर असतो, एकजण तळाशी. चौथा तो ‘बॅरिटोन’. त्याच्या वाट्याला काय येते? इतर तिघांनी आपापले सूर घेतल्यावर जो उरेल तो. म्हणून त्याची ओळ सर्वांत वेडीवाकडी. कधी चालीच्या खाली, कधी वर, कधी भलतीच उडी. मला त्याच्याकडे पाहिले की आमची आई आठवते. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर, भाजी उरली तर भाजी, नाहीतर ताकभात, असे ती जेवे. ती पानावर बसेपर्यंत घराचे जेवण झाले असे मात्र कुणालाच वाटत नसे. बॅरिटोनचा सूर काढून घ्या, पंगत तशीच मोडते.

आणि हे चार सूर नेमके जुळले की एक चमत्कार घडतो. चौघांपैकी कुणीही गात नाही असा एक पाचवा सूर वर ऐकू येऊ लागतो. बार्बरशॉपवाले म्हणतात, सुरांनी घंटा वाजवली. आमच्या त्या जाणकार स्नेह्यांना मी हे सांगितले तेव्हा ते प्रथमच गंभीर झाले. कारण हा चमत्कार त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. तंबोऱ्याच्या तारा पंचम आणि षड्जाच्या असतात. गंधाराची तार त्याला नसतेच. पण तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलू लागतो. आपण त्याला ‘स्वयंभू’ म्हणतो. प्रत्येक सुराच्या पोटात त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, पाचपटीचे सूक्ष्म सूर दडलेले असतात. मेळ अचूक असला की ते एकमेकांना बळ देतात आणि कानाला स्पष्ट होतात. भौतिकशास्त्र एवढेच आहे. पण ‘स्वयंभू’ या शब्दात आपल्या पूर्वजांनी जे नवल साठवले, ते भौतिकशास्त्राने कमी होत नाही. चार माणसे नीट शेजारी उभी राहिली, तर पाचवे काहीतरी न बोलावता येते.

या गाण्यांची आणि माझी ओळख गिरगावात झाली, आणि ती करून दिली माझ्या थोरल्या भावाने. 1958च्या सुमारास दादाला एका व्यापारी पेढीत नोकरी लागली. दुसऱ्या पगारात त्याने चोरबाजारातून एक चावीचा ग्रामोफोन आणला. दुकानदाराने त्याच्याबरोबर तबकड्यांची एक पेटी जवळजवळ फुकट दिली, कारण तिच्यात सगळ्या इंग्रजी होत्या. देश सोडून गेलेल्या कुणा साहेबाची ती असावी. पहिलीच तबकडी लागली ती ‘इंक स्पॉट्स’ची. नावाचा अर्थ दादाने समजावून सांगितला तेव्हा आई म्हणाली, “शाईचे डाग? मेल्यांनी नावे तरी बरी ठेवायची!” पण तबकडी संपल्यावर तिनेच विचारले, “तो मधे बोलतो कोण रे? चांगला वाटतो.”

आईने बरोबर हेरले होते. ‘इंक स्पॉट्स’ ही इंडियानापोलिस शहरातून पुढे आलेली चार कृष्णवर्णीय गायकांची मंडळी. 1939 साली त्यांनी ‘इफ आय डिडन्ट केअर’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्यांचे नशीब पालटले. त्यांच्या गाण्याची घडी जवळजवळ ठरलेली असे. आधी गिटारचे तेच चार-दोन ओळखीचे स्वर. मग बिल केनी आपल्या उंच, निर्मळ आवाजात अत्यंत सावकाश चाल म्हणे. बाकीचे मागे नुसता हुंकार भरत. मग एकाएकी ऑर्व्हिल जोन्स, ज्याला सगळे ‘हॉपी’ म्हणत, तो आपल्या पाताळात पोचणाऱ्या आवाजात तेच शब्द चक्क बोलून दाखवी. गाणे थांबत नसे, हुंकार चालूच. केनीच्या तोंडी जो प्रियकर रेशमी कपडे घालून आलेला वाटे, तोच हॉपीच्या तोंडी बाकावर शेजारी बसून मन मोकळे करू लागे. मग पुन्हा केनी. त्या काळात ज्या हॉटेलांत गोरे श्रीमंत लोक अशा गायकांना ऐकायला गर्दी करत, त्यांतल्या कित्येक ठिकाणी कृष्णवर्णीय गायकाला रात्री खोली मिळत नसे. हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्यांच्या गाण्यात कुठे कडवटपणा लागत नाही, याचे आता अधिक वाटते.

हॉपी जोन्स 1944 साली वारला. केनीचा आवाज तसाच होता, गिटारचे स्वर तेच होते, बोलणाराही दुसरा मिळाला. पण घडी विस्कटली. मंडळींत भांडणे झाली, नावावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि पुढे तर ‘इंक स्पॉट्स’ हे नाव लावणाऱ्या कितीतरी टोळ्या अमेरिकेत गात फिरू लागल्या. नाव कुणालाही घेता येते. शेजार असा घेता येत नाही.

दादाला चाल पटकन येई. त्याचा आवाज पातळ आणि सुरेल. मला वाटे, आपणही बरोबर म्हणावे. पण मी तोंड उघडले की त्याच्याच सुरात जाऊन पडे; री ओढण्याचे संस्कार! यातून सोडवले ते आमच्या एका शेजाऱ्यांनी. चाळीच्या पलीकडे खोताची वाडी होती. गिरगावच्या ऐन गर्दीत ती लाकडी सज्ज्यांची, क्रूसांची आणि कुंड्यांची वाडी. तिच्यात एक गोव्याचे गृहस्थ राहत. सिनेमाच्या वाद्यवृंदात ते व्हायोलिन वाजवीत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी प्रथा होती. तिथूनच तयार होऊन कितीतरी वादक मुंबईच्या सिनेसृष्टीत आले. आपण ज्या जुन्या हिंदी गाण्यांवर जीव टाकतो, त्यांत गायिकेच्या मागे व्हायोलिनांचे थर चढत जातात, त्यामागे पुष्कळदा सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्याच माणसांची लेखणी असे.

मास्तरांकडे नाताळात मांडो म्हटला जाई. मांडो हे गोव्याच्या ख्रिस्ती समाजाचे, 19व्या शतकात घडलेले कोंकणी प्रेमगीत. चाल संथ, विषय बहुधा ओढ, विरह आणि निरोप. पूर्वी लग्नसमारंभांत समोरासमोर दोन रांगा करून, हातात पंखे आणि रुमाल घेऊन त्यावर नाचत. घुमट आणि व्हायोलिनची साथ असे. आणि गाणे दोन आवाजांत; दुसरा पहिल्यापासून तिसऱ्या सुरावर, बरोबरीने चालणारा. म्हणजे जे मी अमेरिकन तबकडीत ऐकत होतो, त्याचेच एक सख्खे भावंड दोन गल्ल्या पलीकडे नांदत होते.

मास्तरांनी दादाला चाल म्हणायला लावली आणि मला खालची ओळ पढवली. आठ दिवस मी एका कानात बोट घालून ती म्हटली. मास्तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत, “बाबा, त्याच्या मागून जाऊ नको. त्याच्या बाजूने चाल.” नवव्या दिवशी चाळीच्या तळमजल्यावरच्या दगडी बोळात, जिथे आवाज घुमतो, आम्ही दोघे उभे राहिलो, आणि मी पहिल्यांदा दादाच्या बाजूने चाललो. त्याच्याहून वेगळे गात असूनही त्याच्या इतके जवळ मला कधी वाटले नव्हते. थोरल्या भावाच्या मागून चालण्यात ज्याचे बालपण गेले आहे, त्याला यातला आनंद निराळा सांगायला नको.

भावंडांवरून आठवले. या साऱ्या गाणाऱ्यांत मला सर्वांत प्रिय आहेत ते ‘मिल्स ब्रदर्स’. ओहायो प्रांतातल्या पिक्वा गावचे हे चार सख्खे भाऊ : जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड. वडिलांचे केशकर्तनाचे दुकान होते, आणि वडीलही आपल्या चौकडीत गात. ही मुले नुसत्या तोंडाने कर्णे, ट्यूबा अशी वाद्ये हुबेहूब काढीत. ती इतकी खरी वाटत, की एका गिटारखेरीज येथे दुसरे वाद्य नाही असा खुलासा त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर छापावा लागे. 1931 सालापासून त्यांचा डंका वाजू लागला. आणि 1936 साली थोरला भाऊ जॉन वारला. वय अवघे पंचविशीच्या आसपास. तळाचा आवाज त्याचा, गिटारही त्याची.

उरलेल्या तिघांनी गाणे सोडायचे ठरवले होते, असे सांगतात. तेव्हा त्यांचे वडील पुढे आले आणि मेलेल्या मुलाच्या जागी उभे राहिले. मुलाने बापाची जागा घ्यावी हा जगाचा क्रम. येथे बापाने मुलाची घेतली. त्या जागेवर उभे राहून ते दोन दशके गायले. 1943 साली ज्या ‘पेपर डॉल’ने अमेरिका वेडी झाली, ते गाणे कागदी बाहुलीवर प्रेम करणाऱ्या एका खट्याळ, हिरमुसल्या प्रियकराचे आहे. ते ऐकताना मी मुद्दाम कान तळाशी लावतो. तिथे बाप आहे. वरती मुले प्रेमाच्या गमती सांगताहेत, आणि खाली तो आपल्या मुलाच्या सुरावर पाय रोवून उभा आहे. तो काय गातो आहे असे कुणी विचारले तर सांगता येणार नाही. तो फक्त मुलांना पडू देत नाही.

याच्या उलट एक कथा आहे, तीही विसरता येत नाही. 1927च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये हॅरी फ्रोमरमान नावाच्या एका बेकार तरुण नटाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली : गाणारे पाहिजेत. अमेरिकेतल्या ‘रेव्हेलर्स’ या मंडळींच्या तबकड्या ऐकून तो झपाटला होता. कित्येक महिने बिनपगारी तालमी करून पाच गाणारे आणि एक पियानोवादक तयार झाले. तेच ‘कॉमेडियन हार्मोनिस्ट्स’. प्रेमगीते, थट्टागीते, वाद्यांच्या नकला, सारे काही इतके नाजूक की जणू चिनी मातीचे पेले एकमेकांना लागताहेत. युरोपभर त्यांची नाटकगृहे भरू लागली. पण सहांपैकी तिघे ज्यू कुळातले होते. नाझी राजवट आली. 1934च्या मार्चमध्ये हॅनोव्हरला त्यांची जर्मनीतली अखेरची मैफल झाली आणि 1935 साली त्यांच्यावर बंदीच घालण्यात आली. तिघे देश सोडून व्हिएन्नाला गेले, तिघे बर्लिनमध्ये राहिले. दोन्हीकडच्यांनी नवे साथीदार घेऊन आपापली मंडळी पुरी केली. म्हणजे एका अंगाचे दोन तुकडे झाले, आणि दोन्ही तुकड्यांना नवे हातपाय लावण्यात आले. दोन्ही चालले, पण ती पहिली चाल पुन्हा कुणाला आली नाही. महायुद्ध संपले, सहाही जण जिवंत राहिले, तरी पुन्हा एकत्र गायले नाहीत. त्यांच्यातला रोमान सायकोव्स्की पुढे अमेरिकेत ज्यू प्रार्थनामंदिरात गात असे. 1998 साली, नव्वदी उलटून गेल्यावर, सर्वांत शेवटी तो गेला. शेवटच्या माणसाला आपल्या मंडळींची गाणी कशी ऐकू येत असतील, हा विचार मी पुष्कळदा करतो.

आता माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळतो. प्रेम एकाचे, मग गाणारे चौघे कशाला?

मला वाटते, या गाण्यांची खुबीच ही आहे. शब्द ऐकावेत तर नायक सदा एकटा. तिने सोडले आहे, रात्र सरत नाही, जगात कुणी नाही. आणि हे सारे तो सांगतो कसा, तर तीन मित्रांच्या खांद्यांवर रेलून! ‘मी एकटा आहे’ असे चौघे एका मेळात म्हणत असतात. ऐकणाऱ्याला त्या प्रेयसीचे पुढे फारसे काही वाटत नाही. ती कागदाचीसुद्धा चालते. त्याच्या मनात घर करतात ते मागचे तिघे. म्हातारपणी ही गाणी ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येते ते काही जुन्या प्रेयसीमुळे नव्हे. प्रेयसी कुणाला असते, कुणाला नसते. पण तारुण्यात आपल्या वेड्या बोलण्याला हुंकार भरणारे, जिन्यावर अर्धी रात्र आपल्याबरोबर बसणारे दोन-तीन अनुमोदक बहुतेकांना लाभलेले असतात. गाणे त्यांची आठवण काढते. आपल्याला वाटते, प्रेम आठवले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या शहरांत पोरेटोरे रस्त्याच्या दिव्याखाली, शाळेच्या जिन्यांत, भुयारी रेल्वेच्या फलाटांवर, जिथे आवाज घुमेल तिथे, असेच जमू लागले. वाद्यांना पैसे नव्हते. म्हणून तोंडानेच ‘डू-वॉप’ असले निरर्थक बोल काढून ते साथ करीत. त्यांना पक्ष्यांच्या नावांची फार हौस. कुणी ‘रेव्हन्स’, म्हणजे डोमकावळे; कुणी ‘ओरिओल्स’, म्हणजे हळद्यांचे भाऊबंद; कुणी ‘फ्लेमिंगोज’, म्हणजे आपल्या शिवडीच्या खाजणात उतरतात ते रोहित. एका चौकडीने तर ‘पेंग्विन्स’ हे नाव घेतले. पेंग्विन गातो हे मला अजून पटलेले नाही. पण त्यांचे 1954चे ‘अर्थ एंजल’ ऐकले की तक्रार राहत नाही.

दादाचा जीव मात्र ‘प्लॅटर्स’वर. 1953 साली लॉस एंजेलिसमध्ये जमलेली ही मंडळी. पुढे त्यांत चार पुरुष आणि झोला टेलर ही एक स्त्री. पुढचा आवाज टोनी विल्यम्सचा. 1955च्या ‘ओन्ली यू’त तो एका शब्दावर अशी काही उचकी देतो, की ती दादा घसा बसेपर्यंत घोटवी. रेडिओ सिलोनवर ते गाणे लागले की वडील पेपर तोंडासमोर धरत. पण पान उलटत नसत, हे मी पाहिले आहे.

1964 साली दादाचे लग्न झाले. आमची वहिनी सांगलीकडची. तिला नाट्यगीतांची आवड. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला दादाने तिच्यासाठी ‘ओन्ली यू’ म्हणायचे ठरवले आणि सवयीने मला हाक मारली. आम्ही दोघांनी ते मोठ्या गांभीर्याने पार पाडले. वहिनी पदर तोंडाशी धरून हसत होती. नंतर दादाला म्हणाली, “इतके माझ्यासाठी म्हणायचे होते, तर भावजींना मधे कशाला घेतले? एकट्याने म्हणायचे.” दादा म्हणाला, “एकट्याने म्हणायचे गाणेच नाही ते.” तेव्हापासून दर पाडव्याला ओवाळणीनंतर ते गाणे ठरून गेले. पन्नासहून अधिक पाडवे झाले. दादाचा आवाज घोगरा होत गेला, माझा थरथरू लागला, पण ओळी ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या.

दादाला जाऊन आता सहा वर्षे झाली.

एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली, ती सांगतो. इतर घरांत माणूस गेला की त्याचे गाणे मागे राहते. मुले म्हणतात, भाऊ म्हणतात. माझ्याकडे दादाचे गाणे राहिलेच नाही. चाल त्याची होती, ती त्याच्याबरोबर गेली. तबकडीवरची, मोबाइलमधली चाल मला ऐकू येते. पण म्हणायला तोंड उघडले की बाहेर पडते ती माझीच खालची ओळ. एकाच सुरावर रेंगाळणारी, अर्धी पायरी उतरणारी, पुन्हा तिथेच येणारी. साठ वर्षे ती माझ्या अंगात भिनली आहे. हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड या मिल्स बंधूंचे काय होत असेल, बर्लिनच्या त्या सहाजणांचे काय झाले असेल, हे मला पुस्तकात वाचून कळले नव्हते ते या ओळीने कळवले. चार आवाजांतला एक गेला तर तीनचतुर्थांश गाणे उरत नाही. उरते ती एक रिकामी जागा, आणि तिच्या कडेकडेने चालणारे बाकीचे.

गेल्या दिवाळीत दादाची नात बंगळूरहून आली होती. हल्लीची मुले एकेकटी चारही आवाज मोबाइलवर भरतात. चार चौकटींत चारदा तीच पोरगी, चार निरनिराळ्या ओळी म्हणते आहे, आणि सूर असा की तंबोरा जुळवणाऱ्यानेही मान डोलवावी. तिने मला कौतुकाने आपले गाणे दाखवले. मीही मनापासून शाबासकी दिली. मग ती म्हणाली, “धाकटे आबा, आजोबांबरोबर तुम्ही कुठली ओळ म्हणायचात? बाबा सांगत होते, ती पुस्तकातल्यासारखी नव्हती म्हणे. मला म्हणून दाखवा ना.”

मी म्हटले, “अगं, त्या नुसत्या ओळीत ऐकण्यासारखे काही नाही.” पण ती ऐकेना. पाडव्याची संध्याकाळ होती. मी म्हणू लागलो. सुटी ओळ ती. माझ्या मुलांनाही त्यावरून गाणे ओळखता आले नसते. पोरगी डोळे मिटून, बोटांनी सूर मोजत ऐकत होती.

आत स्वयंपाकघरात वहिनी निरांजनाच्या वाती करीत बसल्या होत्या. आता त्यांना ऐंशी उलटली. त्या दाराशी आल्या, चौकटीला धरून क्षणभर उभ्या राहिल्या, आणि हलकेच चाल गुणगुणू लागल्या. दादाची चाल. ती उचकीसुद्धा.

मी थांबलो, तशा त्या म्हणाल्या, “थांबू नका हो, भावजी. फक्त जरा हळू घ्या. मला शब्द येत नाहीत.”